डोंबिवलीच्या काकांकडची डिस्कसची प्रूव्हन पेअर: पैसे वसूल, पण आधी तुमचं पाणी मोजा

हा रिव्ह्यू दुकानाचा नाहीये, आधीच सांगते. डोंबिवली पूर्वेला एक काका-काकू राहतात, दोघं रिटायर्ड, घरातली एक अख्खी बेडरूम डिस्कसला (टाकीत पाळायचे चपटे, गोलसर मासे) दिलेली आहे आणि तिथूनच पिल्लं आणि कधीमधी पेअर विकतात. बोर्ड नाही, पेज नाही, ओळखीतून ओळखीतून लोक पोचतात. त्यांना दारात गर्दी नकोय म्हणून नाव नंबर इथे टाकत नाही, पण ब्रीडर कसा असावा आणि पेअर घेताना नक्की काय बघावं हे मला त्यांच्याकडे गेल्यावर कळलं, तेवढ्यासाठी लिहितेय. मी पुण्यात राहते, आधी कम्युनिटी टँक, मग अँजेलफिश, आणि गेल्या वर्षी ठरवलं की आता डिस्कसची पिल्लं घरातच काढायची.

आता पेअर घेणं हा प्रकार इतका अवघड का, तर डिस्कसमध्ये नर मादी बाहेरून ओळखताच येत नाहीत. कोणी म्हणतं कपाळ जाड तो नर, कोणी म्हणतं वरच्या पराचं टोक लांब तो नर, पण खात्रीची खूण एकच, अंडी घालायच्या वेळेला पोटाखाली जी छोटी नळी बाहेर येते ती. मादीची रुंद आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. ती सुद्धा तेवढ्यापुरतीच दिसते. त्यात अजून एक भानगड म्हणजे दोन माद्या पण जोडी करतात, सोबत फिरतात, अंडी घालायला ठेवलेला मातीचा कोन (शंकू) साफ करतात, अंडी पण घालतात, आणि सगळी अंडी पांढरी पडतात. त्यामुळे बाजारात जी 'कन्फर्म पेअर' म्हणून मिळते ती बऱ्याचदा फक्त एकत्र राहणारे दोन मासे एवढीच असते. 'प्रूव्हन पेअर' म्हणजे जिने अंडी घातली, ती फुटली, पिल्लं पोहायला लागली आणि आईबापांच्या अंगावर, म्हणजे त्यांच्या अंगावरचा चिकट थर खाऊन वाढली. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. कारण बरेच विक्रेते अंडी काढून वेगळी फोडतात किंवा पिल्लं दुसऱ्या जोडीच्या अंगावर सोडतात, मग ती पेअर तुमच्याकडे आली की अंडी घालणार आणि संध्याकाळपर्यंत स्वतःच खाऊन टाकणार. मी कुर्ल्याच्या बाजारापासून पुण्यातल्या दुकानांपर्यंत बऱ्याच ठिकाणी विचारलं, जोडी दाखवतात सगळे, जोडीच्या अंगावर पिल्लं कोणीच दाखवत नाही.

काकांनी दाखवली. त्यांच्या खोलीत लोखंडी रॅकवर टाक्या आहेत, सगळ्या तळाला मोकळ्या, म्हणजे वाळू नाही झाडं नाही, एक स्पंज फिल्टर, एक हीटर आणि एक मातीचा कोन. कोन धारावीच्या कुंभारवाड्यातून करून आणलेले, आतून पोकळ, साधारण वीतभर उंचीचे. खोलीत शिरल्यावर वास येत नाही ही माझ्यासाठी पहिली खूण होती, जिथे डिस्कस आहेत आणि खोलीला कुबट वास येतोय तिथून सरळ मागे फिरावं. मी जी पेअर घेतली ती रेड टर्कोइज, आणि तेव्हा तिच्या अंगावर पिल्लं होती, दीड दोन आठवड्यांची असावीत. मादी स्थिर उभी, आणि अंगभर बारीक बारीक पिल्लं टोचा मारतायत, मग तिने एक झटका दिला की सगळा थवा सुटून नराकडे गेला आणि त्याच्या अंगावर चिकटला. पाळी बदलली त्यांनी. काकू म्हणाल्या "बघ, दोघं घेतायत, एकच घेत असेल तर ती जोडी अर्धीच समजायची." नुसतं हे बघायला मिळालं तरी डोंबिवलीला जाणं वसूल होतं.

खरं तर मला पांढरी पेअर हवी होती, व्हाइट बटरफ्लाय, त्यांच्याकडे होतीही. काकांनी स्पष्ट सांगितलं की पहिल्यांदा ब्रीड करतेयस तर ती घेऊ नकोस. कारण ऐकल्यावर मला फार पटलं. टर्कोइज, ब्राउन, अशा जुन्या जातीच्या डिस्कसना पिल्लं झाली की त्यांचा रंग गडद होतो, जवळजवळ काळपट, आणि पिल्लं गडद रंगाकडे ओढली जातात, म्हणून त्यांना आईबाप सापडतात. पिजन ब्लड ही जात थायलंडमध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आली, तिच्यापासून पुढे बरेचसे पांढरे, केशरी, चेकरबोर्ड वगैरे प्रकार निघाले. या माशांच्या अंगावर उभे काळे पट्टे येत नाहीत आणि ते पिल्लांसाठी गडद पण होत नाहीत. मग पिल्लं काय करतात तर टाकीत जे गडद दिसेल तिकडे जातात, काळा हीटर, स्पंज फिल्टर, कोपऱ्यातली सावली, आणि तिथेच उपाशी मरतात. अनुभवी माणूस टाकीतल्या सगळ्या वस्तू फिक्या रंगाच्या ठेवून ते जमवतो, पण नवीन माणसाला ते जड जातं. विचार करा, पांढरी पेअर महाग आहे, त्यांना जास्त पैसे मिळाले असते, तरी त्यांनी मला स्वस्तातली दिली. मला तिथेच हा माणूस पटला.

आईबापांच्या अंगावरचा जो चिकट थर पिल्लं खातात त्यावर प्लिमथ युनिव्हर्सिटीच्या लोकांनी रिसर्च केलाय, २०१० साली छापून आला. त्यात असं दिसलं की अंडी घातल्यावर त्या थरातली प्रोटीन आणि रोगाशी लढणारी अँटिबॉडी वाढते, आणि साधारण तिसऱ्या आठवड्यापासून आईबाप पिल्लांपासून लांब लांब जायला लागतात, म्हणजे अगदी सस्तन प्राण्यांसारखं दूध तोडणं. काकूंना त्या पेपरबद्दल काही माहीत नव्हतं, पण त्या शब्दशः तेच सांगत होत्या, "तीन आठवडे झाले की ती पोरांना चुकवायला लागते, तेव्हा पोरं वेगळी काढायची, नाहीतर ती तिचं अंग ओरबाडून काढतात." हे त्या रोज डोळ्यांनी बघतात त्यामुळे त्यांचा सल्ला नेटवरच्या ढीगभर व्हिडिओंपेक्षा कामाचा आहे.

तर पैसे घेऊन तयार होते मी, पण पेअर लगेच दिली नाही. आधी म्हणाले तुमच्या घरच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, कमी असले की पाणी मऊ, जास्त असले की जड) मोजून मीटरचा फोटो पाठव. पुण्यात महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी येतं तिथे फार प्रश्न नाही, ते मऊच आहे, पण आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकर मिक्स, मीटरवर सहाशेच्या आसपास. फोटो बघून फोन आला, "बाळ, या पाण्यात मासे जगतील, वाढतील, अंडी पण घालतील, पण फुटणार नाहीत." कारण असं आहे की डिस्कस मुळात अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, तिथलं पाणी पावसाच्या पाण्याइतकं मऊ आणि आंबट, आणि जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे अंड्याचं कवच कडक होतं, मग फलन नीट होत नाही किंवा झालं तरी पिल्लू बाहेर येऊ शकत नाही. ब्रीडिंगला टीडीएस शंभरच्या आसपास आणि पीएच सहा ते साडेसहा हवा असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनीच फोनवर हिशोब करून दिला, आरओचं पाणी वीस टीडीएस, टँकरचं सहाशे, सात बादल्या आरओ आणि एक बादली टँकर म्हणजे नव्वदच्या वर थोडं बसतं. नुसतं आरओ वापरायचं नाही हे दहा वेळा सांगितलं, त्यात क्षारच नसतात त्यामुळे पीएच धरून राहत नाही, एका रात्रीत धाडकन खाली येऊ शकतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, ज्यांच्याकडे पाणी जड आहे त्यांना पेअरच्या किमतीत आरओचा खर्च धरायलाच लागेल. किचनमधला आरओ पुरत नाही. वेगळा युनिट लावावा लागतो, दोनशे लिटरचं निळं पिंप लागतं, त्यात रात्रभर हवा आणि हीटर सोडून पाणी तयार ठेवायचं, कारण पाणी बदलताना तापमान टाकीइतकंच हवं. शिवाय आरओ एक बादली देतो तेव्हा दोन तीन बादल्या बाहेर फेकतो, आमच्याकडे ते लादी पुसायला, बाथरूमला, गाड्या धुवायला जातं, पण टँकरच्या सोसायटीत हा विचार करायलाच पाहिजे. मुंबई ठाण्याच्या लोकांचं या बाबतीत भाग्य आहे, नळालाच मऊ पाणी येतं, फक्त क्लोरीन काढलं की झालं, आणि पावसाळ्यात क्लोरीनचा डोस वाढतो तेव्हा जास्त काळजी घ्यायची.

मग टाकी लावली, २४ बाय १८ बाय १८ इंच, म्हणजे साधारण सव्वाशे लिटर, स्पंज फिल्टर काकांनी स्वतःच्या चालू टाकीतला दिला, फुकट, म्हणजे चांगले बॅक्टेरिया आयतेच आले. आणि टाकी महिनाभर चालवून अमोनिया, नायट्राइट (माशांच्या घाणीतून होणारे विषारी पदार्थ, जे ते बॅक्टेरिया संपवतात) शून्य दाखवल्यावरच या म्हणाले. एवढं करायला लावणारा विक्रेता मी तरी दुसरा बघितला नाही.

पॅकिंगला पैकीच्या पैकी मार्क. आदल्या दिवशी मासे उपाशी ठेवले होते, प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत, डबल पिशवी, कोपरे रबरबँडने बांधलेले म्हणजे मासा कोपऱ्यात अडकत नाही, ऑक्सिजन भरलेला, आणि सगळं थर्माकोलच्या पेटीत चिकटपट्टी लावून. आम्हाला लोणावळ्याच्या घाटात चांगलंच ट्रॅफिक लागलं, तरी घरी पेटी उघडली तेव्हा पाणी हाताला कोमट लागत होतं. मासे पिशवीत सरळ उभे, श्वास नॉर्मल, रंग थोडा काळवंडलेला तेवढाच. दुसऱ्या दिवशी सकाळी खायला लागले. डिस्कस घेतलेल्या कोणालाही विचारा, नवीन मासा दुसऱ्या दिवशी खातोय म्हणजे काय सुख असतं ते, कित्येक जणांचे मासे आठवडा आठवडा कोपऱ्यात तोंड घालून उभे राहतात.

पहिली अंडी जागा बदलल्यामुळे खाल्ली त्यांनी, हे होणार असं आधीच सांगितलेलं होतं त्यामुळे घाबरले नाही. आठ दहा दिवसांनी परत तयारी दिसली. दोघं समोरासमोर येऊन अंग थरथरवतात, मान खाली घालून एकमेकांना नमस्कार केल्यासारखं करतात, आणि तोंडाने कोन खरवडून साफ करत बसतात. संध्याकाळी मादी कोनावर खालून वर सरकत एक ओळ अंड्यांची लावते, बाजूला होते, मागून नर तसाच वर सरकतो. परत मादी. तास दीड तास हेच चालू. जेवण राहिलं माझं पण हलले नाही. दीडशे एक अंडी असतील, मोहरीपेक्षा लहान, पिवळसर पारदर्शक. दुसऱ्या दिवशी काही पांढरी झाली, ती फुकट गेलेली, बाकीच्यांत दीड दिवसानंतर काळे ठिपके दिसायला लागले. काकांच्या सांगण्यावरून दोन थेंब मेथिलीन ब्लू टाकलं होतं बुरशी लागू नये म्हणून. तीस डिग्रीला साधारण अडीच दिवसात फुटतात, मग अजून दोन तीन दिवस पिल्लं कोनालाच शेपटी हलवत चिकटून राहतात, खाली पडलं एखादं की नर तोंडात घेऊन परत कोनावर थुंकतो. हे मी जवळून टॉर्च न लावता बघितलं, अंधारात बारका नाइट लाइट तेवढा चालू ठेवायचा, पूर्ण अंधार केला की आईबाप बिथरतात आणि अंडी खाऊ शकतात.

पिल्लं सुटून पोहायला लागतात तो दिवस सगळ्यात नाजूक. काकांनी फोनवर सांगितलं तसं पाणी अर्ध्यावर आणलं, फिल्टरची हवा अगदी बारीक केली, कोन बाहेर काढला. पाणी कमी असलं की पिल्लांना आईबाप लवकर सापडतात. सापडले! सकाळी उठून बघते तर मादी कोळशासारखी काळी झालेली आणि अंगावर सगळी पिल्लं. खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं.

पाचव्या सहाव्या दिवसापासून आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव, त्यांची अंडी आणून घरीच फोडायची) चालू. काकूंनी त्याचं पण शिकवलं, पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा तळ कापून उलटी लटकवायची, लिटरला अंदाजे पंचवीस ग्रॅम जाडं मीठ, हवेची नळी तळाला, अठ्ठावीस डिग्रीच्या आसपास एका दिवसात फुटतात. मग हवा बंद करून खाली लाइट धरायचा, जिवंत आर्टेमिया खाली जमतात, टरफलं वर तरंगतात, नळीने खालचे ओढून घ्यायचे, कापडातून गाळून गोड्या पाण्यात धुवायचे आणि मग टाकीत. टरफलं पोटात गेली तर पिल्लांना त्रास होतो. पिल्लांच्या पोटाला केशरी रंग दिसला की समजायचं खाल्लं. आणि रोज निम्मं पाणी बदल, याला सुट्टी नाही, लग्नाला जायचं असेल तर कोणाला तरी शिकवून जायचं.

आता विक्रीनंतरची सर्व्हिस, कारण खरा फरक इथेच आहे. एकदा मादीची विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी दिसली आणि ती अन्न तोंडात घेऊन थुंकत होती. फोटो पाठवला, संध्याकाळी फोन आला, आधी विचारलं तापमान किती, पाणी कधी बदललं, काय खायला दिलं, आणि मगच सांगितलं की आतड्यातल्या जंतूंचं लक्षण दिसतंय, मेट्रोनिडॅझोल लागेल, डोस त्यांनी टाकीच्या लिटरवर काढून दिला, पाणी किती बदलायचं तेही. बरी झाली. दुसरं म्हणजे पेअर द्यायच्या आधी त्यांनी कल्ल्यांच्या किड्यांचा कोर्स करून ठेवलेला होता, कारण आईबापांच्या कल्ल्यात फ्लूक असतील तर ते पिल्लांना लागतात आणि पिल्लं दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात पटापट जातात. हे मी विचारलं नव्हतं, त्यांनी स्वतः सांगितलं.

खाणं पण ते घरीच बनवून देतात, फ्रीज केलेल्या पातळ वड्या. जगभर डिस्कसला बीफ हार्ट घालतात, काका त्याऐवजी कोळंबी, थोडं बकऱ्याचं दिल, पालक, लसूण आणि स्पिरुलिना वाटून करतात, चरबी सगळी काढून. माझे मासे तुटून पडतात त्याच्यावर. फक्त उरलेला तुकडा अर्ध्या तासात नळीने ओढून काढायचा, पाणी लगेच खराब होतं. किंमत बाजारातल्या चांगल्या दाण्यांपेक्षा कमी पडते.

तक्रारी पण आहेत, त्या पण सांगते. फोन फक्त संध्याकाळी सात ते नऊ, मधे काहीही झालं तरी उचलत नाहीत, रात्री अकराला हीटर बंद पडला तर तुमचं तुम्ही बघा. पुण्याला जानेवारीत थंडी असते, मी म्हणून दोन छोटे हीटर लावलेत, एक गेला तरी दुसरा धरतो, आणि लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवेचा पंप. दुसरं, पेअरला परत घ्यायची काही गॅरंटी नाही, तोंडी विश्वासावर सगळं, एवढ्या पैशांच्या व्यवहारात एक साधी चिठ्ठी तरी द्यायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे आणि मी त्यांना बोलले पण. कुरिअर करत नाहीत, स्वतःच जावं लागतं, नागपूर कोल्हापूरच्या लोकांनी काय करायचं. व्हरायटी कमी, चार पाच रंग बस. आणि वेटिंग. पेअर वर्षाला थोड्याच देतात, मला बरेच महिने थांबावं लागलं.

किंमत, मला पेअर अठरा हजाराला पडली. पिल्लं अडीच इंची सहाशेला एक. महाग वाटेल, पण यातलं एक लक्षात घ्या, त्यांची अडीच इंची पिल्लं दिसायला अगदी साधी, तपकिरी, जरा निळसर झाक. दुकानात त्याच साइजला लालभडक पिल्लं मिळतात, वर लाल गुलाबी ट्यूब लावलेली असते ती वेगळीच. इतक्या लहान वयात टर्कोइजला पूर्ण रंग आलेला असेल तर बहुतेक वेळा हार्मोन दिलेलं असतं, घरी आणल्यावर रंग उतरतो आणि पुढे ब्रीडिंगला पण ते मासे भरवशाचे राहत नाहीत. ट्यूब बंद करून दाखवा म्हणायचं, जो दाखवत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही. डोळा शरीराच्या मानाने मोठा दिसत असेल तर ते पिल्लू खुंटलेलं आहे, कितीही स्वस्त दिलं तरी नको.

अजून डिस्कस पाळलेच नसतील तर पेअरच्या मागे लागू नका. त्यांच्याकडून सहा पिल्लं घ्या, एकत्र वाढवा, साधारण वर्ष सव्वा वर्षात त्यातली जोडी आपोआप बाजूला होते, कोपरा धरते आणि बाकीच्यांना हाकलायला लागते. पिल्लं वाढवायला इतकं मऊ पाणी पण लागत नाही, अडीचशे तीनशे टीडीएसला छान वाढतात. ज्यांनी डिस्कस वर्षभर सांभाळलेत, पाणी रोज बदलायची सवय आहे आणि घरातल्यांची साथ आहे त्यांनी पेअरसाठी नंबर लावावा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा चिठ्ठी न दिल्याबद्दल कापला. जाणार असाल तर आधी फोन, थर्माकोलची पेटी आपली न्या म्हणजे दीडशे रुपये वाचतात, आणि टीडीएस मीटरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, पहिला प्रश्न तोच येणार आहे.